ग्रँट सापडला नव्हता, टिकला होता

अब्राहम लिंकनची एक गोष्ट आपल्याकडे हमखास चालते. व्यवस्थापनाच्या व्याख्यानात चालते, भारतीय संघाचा कर्णधार बदलला की चालते, एखाद्या पक्षाने प्रदेशाध्यक्षाची उचलबांगडी केली की संपादकीय पानावरही चालते. गोष्ट थोडक्यात अशी : १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडे माणसं होती, कारखाने होते, रेल्वे होती, पैसा होता, नव्हता तो फक्त सेनापती. लिंकनने मॅकडॉवेल नेमला, काढला. मॅक्लेलन नेमला, काढला. मग पोप, पुन्हा मॅक्लेलन, मग बर्नसाइड, हुकर, मीड. अखेर ग्रँट सापडला आणि युद्ध संपलं. तात्पर्य असं काढतात की पुढाऱ्याने माणसं बदलत राहावं, भीडभाड ठेवू नये. योग्य माणूस कधी ना कधी हाती लागतोच.

यातली नावं खरी आहेत, क्रमही खरा आहे. गोष्ट मात्र खोटी आहे. आणि तिचा आधार घेऊन रोज कुणाची ना कुणाची खुर्ची काढून घेतली जाते, म्हणून ती खोडून काढायला हवी.

आधी ती यादीच पाहू. तिच्यात तीन वेगवेगळ्या फौजा एकत्र कोंबल्या आहेत. मॅकडॉवेल २१ जुलै १८६१ ला बुल रनला हरला, तेव्हा पोटोमॅकची फौज म्हणून पुढे गाजलेली फौज उभीच राहिलेली नव्हती. पोपची फौजही वेगळी होती; १८६२ च्या जूनअखेर तयार झाली आणि ऑगस्टअखेर बुल रनच्याच मैदानावर मार खाऊन विसर्जित झाली. पोटोमॅकच्या फौजेला संबंध युद्धात सेनापती मिळाले चार : मॅक्लेलन, बर्नसाइड, हुकर, मीड. ग्रँट त्यांत नाही. ग्रँटने त्या फौजेचं सेनापतिपद कधीच घेतलं नाही. मार्च १८६४ मध्ये तो साऱ्या फौजांचा सरसेनापती झाला आणि त्याने आपला तळ पोटोमॅकच्या फौजेबरोबर टाकला, पण फौज मीडचीच राहिली. मीडने स्वतःहून बाजूला व्हायची तयारी दाखवली होती, ग्रँटने त्यालाच ठेवलं. म्हणजे ज्या यादीच्या टोकाला ग्रँट बसवतात, तिचं टोक २८ जून १८६३ ला मीडपाशी येऊन थांबतं. युद्ध त्यानंतर जवळजवळ बावीस महिने चाललं आणि त्या काळात या फौजेचा सेनापती एकदाही बदलला नाही. जिंकायला सुरुवात झाली ती बदल थांबल्यावर, ही साधी कालगणना या गोष्टीत कुठेच येत नाही.

चौघांपैकी रीतसर बडतर्फ झाला तो एकटा मॅक्लेलन. बर्नसाइडने ‘माझ्याविरुद्ध कट करणाऱ्या या अधिकाऱ्यांना काढा, नाहीतर माझा राजीनामा घ्या’ असा पेच टाकला आणि लिंकनने दुसरा पर्याय निवडला. हुकरने हार्पर्स फेरीच्या शिबंदीवरून वॉशिंग्टनशी भांडण काढून स्वतःच मोकळं करण्याची मागणी केली. लिंकनने ती आनंदाने मान्य केली, हा भाग वेगळा.

आता ग्रँट. जो ‘सापडला’ म्हणतात, तो मुळात होता कुठे? १८५४ मध्ये सैन्यातून राजीनामा देऊन बाहेर पडलेला हा माणूस युद्ध सुरू झालं तेव्हा इलिनॉयमधल्या गलीना गावी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होता. त्याला पुढे ढकललं ते तिथल्या एलिहू वॉशबर्न या काँग्रेस सदस्याने. आपल्या भाषेत, मतदारसंघाच्या खासदाराचा वरदहस्त. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने टेनेसीतला डोनेल्सनचा किल्ला घेतला. उत्तरेचा तो पहिला मोठा विजय. दोन-तीन आठवड्यांत त्याचा वरिष्ठ हॅलेक याने त्याच्या हातून मोहीम काढून घेतली. तक्रार अशी की हा अहवाल पाठवत नाही, आणि दारूच्या जुन्या सवयीकडे बोट. मोहीम चार्ल्स स्मिथ या अधिकाऱ्याकडे दिली गेली. वॉशिंग्टनहून हॅलेकला विचारणा आली : आरोप नेमके काय आहेत, ते राष्ट्राध्यक्षांना आणि युद्धमंत्र्यांना कळवा. नेमकं सांगण्यासारखं काही नव्हतं. हॅलेक मागे सरला, ग्रँट पुन्हा कामावर आला. स्मिथच्या पायाला होडीत चढताना झालेली जखम चिघळली आणि एप्रिलअखेर तो त्यातच गेला. नियतीच्या हातात बरंच काही होतं; पण विचारणेचं ते पत्र कुणीतरी पाठवलं होतं, हे महत्त्वाचं. गोष्ट सांगणारे लिंकनच्या हातातली कुऱ्हाड दाखवतात. ग्रँटच्या बाबतीत त्या हातात प्रश्न होता.

पुढे ६ आणि ७ एप्रिलला शायलोची लढाई झाली. शत्रू पहाटे छावणीवर येऊन आदळला तेव्हा ग्रँट मैलोगणती दूर होता. दुसऱ्या दिवशी लढाई त्याने राखली, पण उत्तरेचे तेरा हजारांवर सैनिक मेले, घायाळ झाले किंवा पकडले गेले. वर्तमानपत्रांनी त्याला फाडून खाल्लं. हॅलेक स्वतः येऊन बसला आणि ग्रँटला ‘उपसेनापती’ असं नाव देऊन बिनकामाचं केलं. ग्रँट सामान बांधून निघायच्या बेतात होता. सहकारी सेनापती शर्मनने त्याला थांबवलं.

इथे व्याख्याते लिंकनचं एक प्रसिद्ध वाक्य फेकतात : हा माणूस मला सोडता येणार नाही, हा लढतो. वाक्य झकास आहे. पण त्याला साक्षीदार एकच, अलेक्झांडर मॅक्ल्यूर हा पेनसिल्वेनियाचा पत्रकार-राजकारणी, आणि त्याने ते छापलं १८९२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनी. ग्रँट कुठली व्हिस्की पितो ते शोधा, बाकीच्या सेनापतींनाही तीच पाठवतो, हा विनोदही असाच. त्याच साच्यातला विनोद इंग्लंडचा दुसरा जॉर्ज आणि सेनापती वुल्फ यांच्याबद्दल आधीपासून सांगितला जात होता. एवढ्या मोठ्या निष्कर्षाला टेकू म्हणून असल्या वाक्यांचा वापर करू नये, इतकंच म्हणतो.

खरी परीक्षा व्हिक्सबर्गची. मिसिसिपी नदीवरचं हे ठाणं घ्यायला ग्रँट निघाला १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये. डिसेंबरात शत्रूच्या घोडदळाने होली स्प्रिंग्जचं त्याचं रसदेचं कोठार जाळलं. त्याच महिन्यात शर्मनचा चिकसॉ बायूवरचा हल्ला रक्तबंबाळ होऊन परतला. मग सारा हिवाळा चिखलात गेला. कालवा खणायचा प्रयत्न फसला, तळ्यातून वाट काढायचा फसला, याझू पासच्या प्रवाहातून जायचा फसला, स्टील्स बायूतून जायचा फसला. हिवाळभर ग्रँट नुसता फसत होता. आणि तिकडे लिंकनने जॉन मॅक्लर्नंड या इलिनॉयच्याच राजकारण्याला त्याच मोहिमेचा गुपचूप परवाना देऊन ठेवला होता, तेव्हा बदली माणूस हाताशी तयारच होता. युद्धमंत्री स्टँटनने चार्ल्स डेना या पत्रकाराला ग्रँटवर नजर ठेवायला पाठवलं. इतकं सगळं असून ग्रँटला काढलं नाही. १६ एप्रिलच्या रात्री गनबोटी तोफांच्या माऱ्याखालून पार झाल्या, महिनाअखेर फौज नदीपार उतरली आणि ४ जुलै १८६३ ला व्हिक्सबर्ग शरण आलं. १३ जुलैला लिंकनने त्याला पत्र लिहून कबूल केलं की नदी उतरल्यावर तू खाली जाऊन सेनापती बँक्सला मिळावंस असं मला वाटत होतं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.

त्याच हिवाळ्यात पूर्वेला बर्नसाइडला किती दिवस मिळाले? साधारण अडीच महिने.

बर्नसाइडचं प्रकरण मला या सगळ्यात जास्त सांगण्यासारखं वाटतं, कारण बदली स्वतःच पराभव कसा घडवते ते तिथे उघड दिसतं. या माणसाने ते पद आधी दोनदा नाकारलं होतं, आपल्याला एवढी मोठी फौज चालवता येणार नाही असं स्पष्ट सांगून. नोव्हेंबर १८६२ मध्ये बर्फात हुकूम घेऊन अधिकारी आला तेव्हाही तो नाहीच म्हणत होता. आपण नाही घेतलं तर हुकरला मिळेल, हे कळल्यावर त्याने होकार दिला. मॅक्लेलन संथ म्हणून गेला, तेव्हा नव्या माणसाने वेग दाखवायलाच हवा होता. त्याने दाखवलाही. १७ नोव्हेंबरला त्याची आघाडी फ्रेडरिक्सबर्गसमोर रॅपाहॅनॉक नदीच्या काठावर येऊन उभी होती आणि पलीकडे दक्षिणेचा सेनापती ली याची मुख्य फौज अजून पोचायची होती. नदी ओलांडायला होड्यांचा पूल हवा होता. त्या होड्या वॉशिंग्टनच्या कारभारात अडकून आठवडाभराने आल्या. तोवर लीचे लोक समोरच्या टेकड्यांवर येऊन बसले होते. बेत सोडून देणं शहाणपणाचं झालं असतं. पण आधीचा माणूस ‘हल्ला करत नाही’ म्हणूनच काढलेला असताना नवा माणूस हल्ला न करता परतणार कसा? १३ डिसेंबरला त्याने मेरीज हाइट्सच्या दगडी भिंतीवर एकामागून एक पलटणी पाठवल्या. उत्तरेचं नुकसान बारा हजारांवर, दक्षिणेचं सुमारे पाच हजार. जानेवारीत त्याने पुन्हा हालचाल केली ती पावसात रुतली आणि इतिहासात ‘चिखलातली कूच’ म्हणून राहिली.

यात बर्नसाइड अपुरा होता हे खरंच. पण होड्या उशिरा पाठवणारं कार्यालय तसंच राहिलं, आणि त्याच्या पाठीमागे कुजबुजणारे हाताखालचे अधिकारीही. त्या कुजबुजणाऱ्यांपैकी सगळ्यात मोठ्या आवाजाचा हुकर, त्यालाच सेनापतिपद मिळालं. लिंकनला हे कळत नव्हतं असं नाही. २६ जानेवारी १८६३ च्या पत्रात त्याने हुकरला सुनावलं की तू बर्नसाइडच्या पायात पाय घातलास, आणि वरिष्ठावर टीका करून त्याच्यावरचा विश्वास काढून घेण्याची जी हवा तू फौजेत पसरवलीस ती आता तुझ्यावरच उलटेल. तसंच झालं. मे महिन्यात चान्सलर्सव्हिलला सव्वा लाखाहून मोठी फौज घेऊन हुकर साठ हजारांच्या लीपुढे हरला, आणि त्याचेच कोअर सेनापती त्याच्याविरुद्ध बोलायला लागले. वरिष्ठ पडला की आपली वर्णी लागते, हे एकदा फौजेला कळलं की प्रत्येक तंबूत दरबार भरतो.

एक गोष्ट मात्र हुकरच्या पदरात टाकायला हवी. त्या हिवाळ्यात त्याने फौज दुरुस्त केली : ताजी भाकरी, रजा, स्वच्छ छावण्या, प्रत्येक कोअरला टोपीवर मिरवायचं चिन्ह, विखुरलेल्या घोडदळाचा स्वतंत्र कोअर, आणि शत्रूची खरी खबर काढणारा हेरविभाग. गेटिसबर्गच्या लढाईत मीडने जी फौज लढवली ती हुकरने सुधारलेली आणि मॅक्लेलनने मुळात बांधलेली होती. मीडला पद मिळून तेव्हा तीन दिवस झाले होते. पहाटे तीनच्या सुमाराला वॉशिंग्टनचा अधिकारी तंबूत आला तेव्हा आपल्याला अटक होतेय असं त्याला वाटलं होतं. तीन दिवसांत कोणी फौज घडवत नाही. गोष्टीतला प्रत्येक ‘काढलेला’ माणूस पुढच्यासाठी काहीतरी ठेवून गेला होता, आणि ते जमेला धरायचं नाही असं ठरवलं की मगच बदलीचं गणित जमतं.

आता मॅक्लेलन. इथे प्रतिपक्षाचं म्हणणं सर्वांत बळकट आहे आणि मी ते मान्य करतो. त्याला काढणं भाग होतं. शत्रूची संख्या नेहमी फुगवून सांगायची, कुमक मागत राहायचं, राष्ट्राध्यक्षांना पाण्यात पाहायचं, आणि १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईनंतर, लीचा लेखी बेत हाती पडलेला असूनही त्याला निसटू द्यायचं, हे कुणीच फार दिवस चालवून घेतलं नसतं. पण ‘नेमा, पारखा, काढा’ या बाण्याशी त्याच्या बडतर्फीचा काय संबंध? बुल रननंतर तो आला आणि पंधरा महिने राहिला. मार्च १८६२ मध्ये त्याचं सरसेनापतिपद काढलं आणि हॅलेक जुलैत येईपर्यंत ती जागा रिकामीच ठेवली. तेवढे महिने लिंकन आणि स्टँटन या दोन वकिलांनीच साऱ्या आघाड्या सांभाळल्या. पोपच्या पराभवानंतर मंत्रिमंडळातल्या बहुतेकांचा विरोध पत्करून लिंकनने मॅक्लेलनलाच परत बोलावलं, कारण विस्कटलेली फौज पुन्हा उभी करणारा दुसरा कुणी नव्हता. आणि बडतर्फीच्या हुकमावर तारीख आहे ५ नोव्हेंबर १८६२. न्यूयॉर्कसह अनेक राज्यांचं मतदान ४ नोव्हेंबरला झालं होतं. पश्चिमेला सेनापती ब्यूएलला काढलं २४ ऑक्टोबरला. ओहायो आणि इंडियानाचं मतदान १४ ऑक्टोबरला उरकलं होतं.

या तारखा नीट लावून पाहा. बेंजामिन बटलर हा डेमोक्रॅटिक पक्षातून आलेला सेनापती रणांगणावर फारसा उपयोगाचा नाही हे १८६४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसत होतं. तो गेला जानेवारी १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पार पडल्यावर. नथॅनिएल बँक्स हा काँग्रेसच्या सभागृहाचा माजी सभापती, फ्रान्झ झीगल हा जर्मन स्थलांतरितांचा लाडका. दोघांना १८६४ च्या मोहिमेत जबाबदाऱ्या मिळाल्या त्या मतांच्या हिशेबाने, आणि दोघेही त्या वसंतात हरले. मी याला पाप म्हणत नाही. मतांवर उभं राहिलेलं सरकार यादवी युद्ध लढत असेल तर सेनापतींची नेमणूक ही युतीच्या खातेवाटपासारखीच होणार. मॅक्लेलन तर त्याच निवडणुकीत लिंकनविरुद्ध उभा राहिला. पण मग याला गुणवत्तेचा शोध म्हणू नका.

काँग्रेसचीही एक चौकशी समिती होती, सेनेटर बेन वेड तिचा अध्यक्ष. ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफला हार झाली, तिचं खापर चार्ल्स स्टोन या अधिकाऱ्यावर फुटलं. कुठलाही आरोप न ठेवता त्याला १८९ दिवस कैदेत ठेवलं. बाकीच्या अधिकाऱ्यांनी यातून काय धडा घेतला असेल? चूक करू नका, हा नव्हे; काही करूच नका, हा. मॅक्लेलनच्या संथपणाला नावं ठेवताना ही हवा विसरायची नसते.

मग १८६४ मध्ये बदललं काय? माणूस बदलला हे खरं, पण रचना त्याहून अधिक बदलली. हॅलेकला वॉशिंग्टनमध्ये कागदपत्रं आणि कुमक सांभाळायला बसवलं. ग्रँट एकटा सगळ्या आघाड्यांना जबाबदार झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात मीड लीवर, शर्मन अटलांटाच्या दिशेने, बटलर जेम्स नदीवरून, झीगल शेनांडोआ खोऱ्यात, असे सगळे एकदम निघाले, म्हणजे दक्षिणेला एका आघाडीवरची माणसं दुसरीकडे हलवता येऊ नयेत. ही कल्पना लिंकनने जानेवारी १८६२ मध्येच ब्यूएलला पत्रातून सुचवली होती. दोन वर्षं ती अमलात आली नाही, कारण तिला राबवणारी चौकट नव्हती.

आणि ग्रँटने त्या चौकटीत केलं काय ते पाहा. ५ मेपासून सहा आठवड्यांत पोटोमॅकच्या बाजूचे सुमारे पंचावन्न हजार लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. ३ जूनला कोल्ड हार्बरला त्याने केलेला हल्ला फ्रेडरिक्सबर्गच्या जातीचाच होता. उन्हाळ्यात तो दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्या खालच्या बाजूला पीटर्सबर्गच्या खंदकांपुढे अडकला आणि २ एप्रिल १८६५ पर्यंत तिथेच होता. बर्नसाइडच्या मापाने मोजला तर ग्रँट जूनमध्येच घरी गेला असता. २३ ऑगस्टला तर आपण निवडणूक हरणार असं लिंकनने स्वतः लिहून, कागद दुमडून, मंत्र्यांच्या सह्या घेऊन ठेवलं होतं. सेनापतीचा बळी देऊन मतं वाचवायची तर हीच वेळ होती. त्याने दिला नाही.

    

घाईने बदली करण्याच्या या रोगातून ग्रँटही सुटला नाही. डिसेंबर १८६४ मध्ये नॅशव्हिलला जॉर्ज थॉमस हल्ला करायला उशीर लावतो म्हणून त्याने तारांवर तारा केल्या. थॉमसचं म्हणणं, घोडदळाला घोडे नाहीत, आणि जमिनीवर बर्फाचा थर आहे, माणूस उभा राहत नाही. ग्रँटने त्याच्या बदलीचा हुकूम काढला, थांबवला, मग जॉन लोगनला बदली म्हणून रवाना केलं, शेवटी स्वतःच निघाला. लोगन लुईव्हिलपर्यंत आणि ग्रँट वॉशिंग्टनपर्यंत पोचला होता, इतक्यात बातमी आली : १५ आणि १६ डिसेंबरला थॉमसने समोरची फौज उधळून लावली होती. संबंध युद्धातला हा सर्वांत निर्णायक विजयांपैकी एक. दोन दिवस आधी बदलीची तार पोचती तर तो लोगनच्या नावावर लागला असता, किंवा कुणाच्याच नाही. १ एप्रिल १८६५ ला फाइव्ह फोर्क्सच्या लढाईत सेनापती वॉरेनच्या नशिबी असा योग नव्हता. गेटिसबर्गला लिटल राउंड टॉप ही टेकडी ज्याच्या नजरेमुळे वाचली तो हा वॉरेन. त्या लढाईतला त्याचा वरिष्ठ शेरिडन याने त्याला लढाई जिंकल्याच्या संध्याकाळी काढून टाकलं. तसा अधिकार ग्रँटने शेरिडनला आधीच देऊन ठेवला होता. वॉरेनला चौकशी मिळाली १८७९ मध्ये. निकालात शेरिडनचे बहुतेक आक्षेप टिकले नाहीत, पण तो नोव्हेंबर १८८२ मध्ये जाहीर झाला आणि वॉरेन ऑगस्टमध्येच वारला होता.

‘मग काय कुणालाच काढायचं नाही?’ असा प्रश्न येणार. त्यासाठी पलीकडच्या छावणीत जाऊन बघावं लागेल.

दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वेस्ट पॉइंटचा पदवीधर, मेक्सिकोच्या युद्धात लढलेला, माजी युद्धमंत्री. माणसं पारखण्याचं शिक्षण लिंकनपेक्षा त्याच्याकडे कितीतरी जास्त. त्याचा सर्वोत्तम सेनापती लीसुद्धा पारख करून पुढे आलेला नाही. ३१ मे १८६२ ला सेव्हन पाइन्सला जोसेफ जॉन्स्टन जखमी झाला म्हणून दुसऱ्या दिवशी लीला फौज मिळाली. त्याआधी पश्चिम व्हर्जिनियात तो अपयशी ठरला होता आणि खंदक खणायला लावतो म्हणून लोक त्याची टर उडवत. पश्चिमेला डेव्हिसने ब्रॅक्स्टन ब्रॅगला त्याच्याच सेनापतींनी लेखी विरोध करूनही ऑक्टोबर १८६३ मध्ये कायम ठेवलं, आणि दोन महिन्यांच्या आत चॅटानूगाची लढाई गमावली. म्हणजे टिकवणं हा काही जादूचा मंत्र नाही, हेही खरं.

पण त्याच्या पुढची चूक अधिक बोलकी आहे. १८६४ च्या मेपासून जॉन्स्टन शर्मनपुढे जॉर्जियात मागे मागे सरत अटलांटाच्या वेशीपर्यंत आला. अध्यक्षाचा जीव टांगणीला लागला, तेही स्वाभाविक. जॉन बेल हूड हा हाताखालचा कोअर सेनापती जॉन्स्टनच्या पाठीमागे रिचमंडला पत्रं लिहीतच होता. १७ जुलैला हुकूम आला : जॉन्स्टन गेला, हूड आला. शत्रू चॅटाहूची नदी ओलांडून दारात उभा होता. तेव्हा खुद्द हूडने आणि त्याच्याबरोबर हार्डी व स्टुअर्ट या दोन सेनापतींनी डेव्हिसला तार केली की अटलांटाचं काय ते ठरेपर्यंत हा हुकूम स्थगित ठेवा. डेव्हिसने नकार दिला. हूडला आक्रमक व्हायला नेमलं होतं, तो झाला. २० जुलै, २२ जुलै, २८ जुलै, अशा तीन हल्ल्यांत त्याने फौज झिजवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा पडलं आणि लिंकनची हरलेली निवडणूक फिरली. नोव्हेंबरात फ्रँकलिनला हूडने एका दुपारी सहा सेनापती गमावले, आणि डिसेंबरात नॅशव्हिलला थॉमसने जी फौज उधळली ती हीच. फेब्रुवारी १८६५ मध्ये जॉन्स्टनला परत बोलावलं. तोवर सांभाळायला काही उरलं नव्हतं.

आता याच्या शेजारी लिंकनचा एक हुकूम ठेवा. ऑक्टोबर १८६१ मध्ये मिसुरीत जॉन फ्रीमाँटला काढायचं ठरलं होतं, आणि काढण्याची कारणं भरपूर होती : भ्रष्ट कंत्राटं, हरलेली ठाणी, वॉशिंग्टनला न विचारता गुलाममुक्तीचा जाहीरनामा. लिंकनने बडतर्फीचा हुकूम पाठवला आणि त्याबरोबर सूचना दिली : तो पोचेपर्यंत फ्रीमाँटने लढाई जिंकली असेल, किंवा तो लढाईच्या तोंडावर उभा असेल, तर हुकूम त्याच्या हातात देऊ नका. आपल्याकडच्या व्याख्यानांत हुकूम येतो. त्यासोबत गेलेली ही अट मी तिथे कधी ऐकली नाही.